साहेबाचा कातळ

"कातळ लागला म्हणजे लागला! खणणं बंद!" देशावरचा साहेब खड्ड्याच्या काठावरून ओरडत होता. मी कुंपणाबाहेर गवत कापत होते. खड्ड्यातून माझा धाकटा दीर, बाबल्या, वर तोंड करून म्हणाला, "साहेब, तुमच्याकडचा कातळ पाताळात जातो. आमच्याकडचा म्हणजे भाकरीचा पापुद्रा. खाली लोण्यागत माती हाय. अजून दोन पुरुष खोल खणा."

"इंजिनेर तू की मी?"

"तुम्हीच. नायतर हा कातळ वाटला नसता."

लोटे गावच्या कारखान्यात अ‍ॅसिडची टाकी बसायची होती, तिच्या पायाचं हे भांडण. बाबल्याचा जन्म चिरेखाणीत गेलेला. पहारीच्या आवाजावरून चिरा कुठे संपतो ते त्याला कळायचं. साहेबाने त्याला वर काढून हातात झाडू दिला. पाया त्या पापुद्र्यावरच उभा राहिला, आणि टाकीच्या बगलेला बाबल्याचा एकुलता मुलगा विनीत कामाला लागला.

मग काय, बाबल्याच्या हातात झाडू आणि खिशात ओळंबा, गवंडी भिंतीची सरळ रेघ बघतात ती वजनाची दोरी. दर सोमवारी टाकीच्या वरच्या कठड्याला दोरी बांधायची, खाली येऊन दोरी आणि पत्र्यामध्ये बोटं घालायची. आधी एक बोट मावायचं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर तीन, इतकी टाकी कलली. साहेबाला सांगितलं, तर म्हणाला, "तुझी बोटं बारीक झाली असतील."

वाडी तर त्याहून वरताण. यमुनाबाईचे दोन मुलगे तिथेच कामाला. ती दारात येऊन ओरडली, "कंपनी बंद पाडून आमच्या चुली तू पेटवणार काय रे?" विनीत म्हणाला, "बाबा, लोक मला हसतात." मीसुद्धा म्हटलं, भावजी, तोंड जरा मिटा. तर मला म्हणाला, "वयनी, तुम्ही गवत कापा." माणूस गोड नव्हताच.

चौथ्या वर्षी तो साहेब बदलून गेला. त्याच्या जागेवर मंडणगडची पोरगी आली, निशिगंधा. दोरीजवळ स्वतःची चार बोटं घालून बघितली आणि विचारलं, "काका, खाली काय आहे?"

"माती."

कोकणातल्या पोरीला आणखी समजवावं लागलं नाही. टाकी रिकामी करवली, शेजारी भोक पाडलं. अडीच हात चिरा, खाली पिवळा गाळ.

चार महिने काम बंद. पोरं घरी बसली, आणि वाडीने बाबल्याचं पाणी तोडलं. शिमग्याला पालखी दारात आली, पण त्याला कुणी खांदा देऊ दिला नाही. विनीत ओटीवर बसून बापाला शिव्या देई. मी रागावले, तर बाबल्या म्हणाला, "देऊ दे. शिव्या द्यायला जिता हाय ना?"

नवा पाया दोन पुरुष खोल गेला. विनीत परत कामावर गेला, पण बापाशी बोलला नाही.

बाबल्या वारला तो दिवसही सोमवारच. सकाळपासून छातीत दुखत होतं. तरी गेटवर, घरी जा म्हणणाऱ्या वॉचमनशी हुज्जत घालून आत शिरला, नव्या टाकीच्या कठड्याला दोरी बांधली, खाली येऊन बोट घातलं. एकच मावलं. समोरून विनीत गेला, मान फिरवून. बाबल्यानेही हाक मारली नाही. दोरी गुंडाळली, खिशात टाकली आणि झाडायला लागला.