चादरीखालचं विमान

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणाबद्दल लिहिण्याइतका मोठा नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

बेलापूरला आमच्या शेजारच्या रो-हाउसमध्ये एक गृहस्थ सुटे भाग मागवून खरंखुरं विमान जोडत होते. ऑफिसातून आले की चहा पिऊन कामाला लागायचे. हॉलभर पसरलेलं विमान जुन्या चादरींखाली असायचं. ज्या दिवशी जिथं काम, तिथलीच चादर ते उचलत.

"भाऊजी, पंखावर पापड वाळत घालू का?" आई खिडकीतून विचारायची.

"घाला की वहिनी! पण आज फक्त शेपटी उघडी आहे."

सुट्टीत हॉस्टेलवरून घरी आलेला मी, नापास झालेल्या सगळ्या विषयांची पुस्तकं एकदम पसरून बसायचो आणि धास्तावून उठायचो. पलीकडून कानशीचा आवाज आला की जळायचो. एकदा विचारलंच, "काका, कंटाळा येत नाही?"

"अख्खं बघितलं की येतो. म्हणून तर चादरी."

मी हॉस्टेलवर परतलो. ते कधीतरी अर्ध्यात सोडतील, अशी चोरटी आशा मला होती.

दिवाळीला घरी आलो, तर आईनं दारातच सांगितलं, "उडालं रे त्यांचं विमान! बाहेर काढायला हॉलची भिंत पाडावी लागली. आता तीच बांधतायत, रोज एक थर."