पेन्सिलीचा कर
हीटरवर वाळणाऱ्या ओल्या हातमोज्यांचा वास आला की अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातला माझा पाचवीचा वर्ग आठवतो. ब्रिटिश राजाच्या करांविरुद्ध एकत्र उठलेल्या अमेरिकन वसाहतींचा धडा चालू होता. टीचर कागदी मुकुट घालून ब्रिटिश राजा झाल्या आणि पाणी प्यायला जायचं तर एक पेन्सिल, असा कर त्यांनी लावला. “कुणीच द्यायची नाही,” मी म्हणाले आणि सगळा वर्ग एक झाला. भारतातून नुकतीच आलेली मी पहिल्यांदाच त्यांच्यातली झाले होते. मग राजाने जाहीर केलं, “म्होरक्याचं नाव सांगेल त्याला कर माफ!” वर्गातली माझी एकुलती एक मराठी मैत्रीण लगेच उठली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “हिने सांगितलं.” बाकीच्यांनी निमूटपणे पेन्सिली काढल्या. सुट्टीत ती म्हणाली, “अगं, गेमच तर होता!” परवा माझ्या लेकीने तोच धडा वाचताना विचारलं, “आई, डिड दे ऑल स्टिक टुगेदर? सगळ्या वसाहती एकत्र राहिल्या?” “बहुतेक,” मी म्हणाले आणि तिच्या पेन्सिलीला टोक करायला घेतलं.