गोल्फच्या काठीचं माप

जवसाच्या तेलाचा वास आला की बुलढाण्याचं भाड्याचं घर आठवतं. लग्नाला थोडेच दिवस झाले होते. हे पलटणीत असताना साहेबांबरोबर गोल्फ शिकलेले. नोकरी सोडून येताना मोडक्या काठ्यांची दोन लोखंडी टोकं घेऊन आले होते. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांना धामणाच्या लाकडाचे दांडे बसवायचे, काचेच्या तुकड्याने तासायचे, तेल पाजायचे आणि एकटेच माळावर चेंडू मारायला जायचे. माझ्याशी बोलणं जेवण वाढण्यापुरतं. शेजारीण म्हणायची, "तुह्या सवतीले तेल लावून राह्यला व तो." मी हसायची आणि दार लोटून घ्यायची. एकदा ह्यांनी मला हाक मारली. "सरळ उभी राय. हात खाली सोड." दांडा जमिनीवर टेकवून त्यांनी माझ्या मनगटापाशी खूण केली. आमच्या गावी, वडनेर भोलजीला, कुदळीचा दांडा ज्याच्या हाती जायचा, त्याच्याच अंगाने मोजतात. मी मनाने माळावर पोचलेसुद्धा. "मले जमन का हो?" मी विचारलं. "तुले काऊन?" ते खूण पाहतच म्हणाले. "रविवारी माह्या पलटणीतला दोस्त येऊन राह्यला. त्याची उंची तुह्याएवढीच हाय." खूण पक्की होईपर्यंत मी हलले नाही. रविवारी दोघांचा डबा बांधून दिला. आजही शिंप्याने टेप उघडली की माझ्या तोंडून निघून जातं, "कोणासाठी?" तो गोंधळून म्हणतो, "तुमचंच तर पोलकं हाय, बाई."