कचऱ्याच्या ड्रमचं कुलूप

ओमानात थंडीनं कुलपं गोठतात असं मी गावी सांगितलं, की लोक हसतात. हसू देत. त्यांनी ओमान पाहिलेला असतो तो मेव्हण्याने पाठवलेल्या फोटोंत: खजुराची झाडं, मासळीबाजार, घामानं भिजलेले सदरे. मीही आधी बरीच वर्षं खाली किनाऱ्यावर, बरक्यातच होतो आणि जानेवारीतसुद्धा पंखा लावून झोपत होतो. मग दोन हजार साल उलटल्यावर आमच्या कंपनीला जबल अख्दरच्या डोंगरावर रस्त्याचं काम मिळालं आणि मला कॅम्प बॉस म्हणून वर धाडलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ऐंशी-नव्वद माणसांचं जेवण, पाणी, अंथरुणं आणि त्यांच्या शिव्या, एवढी माझी सत्ता.

पहिल्याच हिवाळ्यात कळलं की इथं प्रत्येक गोष्ट माणसाच्या अंगावर येते. वारा पत्र्याच्या खोल्यांवर लाथा घालायचा. पहाटे नळ फुटायचे. ओठ फाटून रक्त यायचं, आणि थंडीनं पिसाळलेली माणसं आंघोळीच्या गरम पाण्यावरून एकमेकांच्या नरड्याला धरायची. मीही काही साधुसंत नव्हतो. रांग मोडणाऱ्या दोघांना मी बादली फेकून मारली होती.

आमचा आचारी रत्नागिरीकडचा. खाडीकाठच्या गावचा मुसलमान, साठीला टेकलेला. सगळे त्याला चाचा म्हणायचे. मी चिपळूणचा, त्यामुळे आमचं दोघांचं जमायचं. कॅम्पात हिंदीत शिव्या देऊन झाल्या, की आम्ही आपल्या बोलीत बोलायचो. चाचाला एकच भीती होती: व्हिसा रद्द होण्याची. या वयात एकदा माणूस परत गेला की त्याला पुन्हा कोण बोलावणार? रोज नमाजानंतर तो म्हणायचा, "आनखी दोन वर्सं, इन्शाल्ला." गावी त्याच्यावर अवलंबून असणारी माणसं होती, पण त्यांच्याबद्दल तो कधी बोलायचा नाही. दोन वर्षांबद्दलच बोलायचा.

मेसच्या मागे कचऱ्याचे लोखंडी ड्रम होते. त्या डोंगरावर मोकाट गाढवं फिरतात, आणि गावकऱ्यांच्या बकऱ्या तर कुठूनही उगवतात. सुरुवातीला ड्रम उघडेच असायचे. गाढवं ते लाथांनी आडवे करायची आणि बकऱ्या आतल्या पिशव्यांवर तुटून पडायच्या. आम्ही फावडी घेऊन धावायचो. एकदा एका गाढवानं उलटी लाथ मारून भांडी घासणाऱ्याची मांडी फोडली, तर त्याच्या दोस्तांनी त्या गाढवाला गाठून इतकं मारलं की शेवटी मलाच मध्ये पडावं लागलं. गाढवाची दया आली म्हणून नव्हे, फावडी मोडत होती म्हणून.

मग एका सकाळी गावातला एक म्हातारा पिकअप घेऊन थेट मेसच्या दारात आला. मागच्या फळीवरून त्यानं एक मेलेली बकरी ओढून खाली टाकली. कमरेची सुरी काढली आणि आमच्यादेखत तिचं पोट उभं फाडलं. हात कोपरापर्यंत आत घातला आणि बाहेर काढला तो आमच्या पावांच्या पिशव्यांचा गोळा, हिरवट, बुळबुळीत, नारळाएवढा. "शूफ!" तो ओरडला, म्हणजे बघ. तो गोळा त्यानं माझ्या पायाशी आपटला. ही त्याची दुसरी बकरी होती. तिसरी मेली, तर वालीकडे, म्हणजे तिथल्या सरकारी सुभेदाराकडे, तक्रार करून तुमचं काम बंद पाडीन, असं त्यानं अरबीत सांगितलं, आणि त्यातला शब्द न् शब्द आम्हाला समजला. सुरी त्यानं आमच्याच पायपुसण्याला पुसली.

आमचा साइट इंजिनीयर उत्तर हिंदुस्थानी, माझ्याहून वयानं लहान. म्हातारा होता तोवर खोलीतून बाहेर आला नाही. पिकअप गेल्यावर आला आणि चाचाच्या तोंडासमोर बोट नाचवत म्हणाला, "अगली बकरी मरी, तो पहला टिकट तेरा कटेगा." मी विचारलं, चाचाचंच का? तर म्हणे, कचरा किचनचा, किचन आचाऱ्याचं. त्याच दिवशी त्यानं ड्रमांना जाड झाकणं, कड्या आणि कुलपं बसवून घेतली, आणि किल्ल्या चाचाच्या कमरेला आल्या.

इथं आमचं कोकणी डोकं आडवं आलं. आमच्याकडे स्वच्छ म्हणजे धुतलेलं. चाचा रोज संध्याकाळी भांड्यांबरोबर ड्रमांची झाकणंही गरम पाण्यानं धुवायचा, कुलपांसकट. ते पाणी कुलपात शिरायचं आणि पहाटेपर्यंत त्याचा बर्फ व्हायचा. सकाळी किल्ली आतच जाईना. मग चाचा किटलीतलं उकळतं पाणी ओतायचा, कुलूप उघडायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट गोठायचं. तोवर नाश्त्याचा कचरा पिशव्या भरभरून ड्रमाबाहेर पडलेला, आणि टेकाडावर बकऱ्या उभ्या.

"तेल घालतो," चाचा म्हणाला. कुठलं? तर गावाहून आणलेलं खोबरेल. आमच्या गावात करकरणारं दार, शिलाईचं यंत्र, बाळाची टाळू, सगळ्याला एकच औषध. त्याने ते चुलीवर कोमट केलं आणि प्रत्येक कुलपात मायेनं ओतलं. मीही मान डोलावली. पुण्याच्या थंडीतसुद्धा खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते हे तिथल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं, पण खाडीकाठी वाढलेल्या आम्हा दोघांना तेल थिजलेलं कधी बघायलाच मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी झाडांवर पांढरा थर होता. एकही कुलूप हलेना. चावीच्या भोकात मेणासारखं पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं. किटली चुलीवर होती, पण पाणी तापायला वेळ होता, आणि बकऱ्या निघाल्या होत्या. मी दोन्ही हातांत कचऱ्याच्या पिशव्या धरून उभा राहिलो आणि जवळ येईल तिला लाथ घालू लागलो. एक मोठी बकरी माझ्या हातातल्या पिशवीलाच लोंबकळली. पिशवी फाटली, पाव, अंड्याची टरफलं, प्लास्टिक सगळीकडे उडालं, आणि त्यावर दहा तोंडं पडली.

"या खुदा, तिसरी!" चाचा ओरडला. आत धावला आणि मटण तोडायचा सत्तूर घेऊन आला. मला वाटलं, बकऱ्यांवर धावतोय. तो ड्रमापाशी गेला आणि सत्तुराच्या मागच्या बाजूनं कुलपावर घाव घालू लागला. एवढा शांत माणूस, पण त्या वेळी त्याच्या तोंडून अशा शिव्या निघत होत्या की मी बकऱ्या सोडून त्याच्याकडे बघत राहिलो. पाचव्या की सहाव्या घावाला कुलूप फुटलं. एक तुकडा उडाला आणि त्याच्या उजव्या डोळ्यात घुसला.

तो ओरडला नाही. सत्तूर खाली ठेवला, नीट, पातं आत करून. मग पांढऱ्या जमिनीवर गुडघे टेकले आणि दोन्ही हात तोंडावर धरले. बोटांतून रक्त आणि रक्ताबरोबर दुसरंही काही येत होतं.

आरडाओरडा ऐकून इंजिनीयर आला. अंगाभोवती घोंगडी, हातात चहाचा मग. त्यानं चाचाकडे पाहिलं, ड्रमाकडे पाहिलं, आणि विचारलं, "ताला टूट गया? अब ड्रम बंद कैसे होगा?"

मी त्याला मारलं. थोबाडीत नाही, मुठीनं, तोंडावर. मग तो खाली पडल्यावर पुन्हा. त्याचा दात माझ्या बोटात रुतला, ती खूण अजून आहे. चार जणांनी मला धरलं नसतं तर मी त्याला तिथंच संपवला असता. हे मी आज थंड डोक्यानं, घरात बसून, पंख्याखाली लिहितोय, आणि मला त्याचा काडीचाही पश्चात्ताप नाही.

मीच चाचाला डोंगराखालच्या निजव्याच्या इस्पितळात नेला. तो उताराचा कच्चा रस्ता आम्हीच खणत होतो. प्रत्येक खड्ड्याला त्याचं डोकं माझ्या मांडीवर आपटत होतं. ड्रायव्हरला मी "यल्ला, यल्ला" म्हणून ओरडत होतो आणि चाचा एकच विचारत होता, "बकरी मेली काय रं?" मी त्याला सांगितलं, नाही मेली. मला काय माहीत होतं? निजव्यातून मस्कतच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. डोळा गेला.

बकरी खरंच मेली नाही. एकही नाही.

आठवडाभरानं मी कुलपांचं काम केलं. झाकणं धुणं बंद. कुलपं काढून चुलीपाशी रात्रभर सुकवली, आतलं खोबरेल रॉकेलनं धुऊन काढलं आणि डिझेलचे दोन-दोन थेंब सोडले. टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून प्रत्येक कुलपावर टोपीसारखे लटकवले, म्हणजे दव आत जायला नको. भोक खाली राहील अशी कुलपं उलटी टांगली. अर्ध्या दुपारचं काम. तो सबंध हिवाळा एकही कुलूप अडलं नाही. दर सकाळी किल्ली अलगद फिरली की मला आनंद व्हायचा नाही, संताप यायचा. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाचा डोळा?

चाचाला कंपनीने घरी पाठवलं. एका डोळ्याचा आचारी चालत नाही म्हणे. मला काढतील म्हणून मी पेटी बांधून बसलो होतो. कोणी काढलं नाही. हिवाळ्यात त्या डोंगरावर यायला दुसरा कॅम्प बॉस मिळत नव्हता, आणि इंजिनीयरलाही रोज जेवायचं होतं. ओठाला टाके घेऊन तो मेसमध्ये यायचा आणि माझ्याकडे न बघता मी वाढलेलं खायचा.

चाचाला भेटायला मी मस्कतला उतरलो. कंपनीच्या अल् खुवैरच्या ऑफिसात त्याला त्याचा पासपोर्ट परत मिळायचा होता. तो जिन्यापाशी बाकावर बसला होता, डोळ्यावर पट्टी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. व्हिसा खलास, दोन वर्षं खलास, हे त्यानंच मला सांगितलं. मग विचारलं, "तुला काय केलानी?"

"काही नाही, चाचा."

"पगार कापलानी?"

"नाही."

"म्हंजे मी पन सायबालाच मारायला हवा व्हता," तो म्हणाला. "उगाच कुलपाला मारत बसलो."

तो हसला नाही, मलाही हसू आलं नाही. आतून शिपायानं हाक मारली. चाचा उठला, आणि उरलेल्या डोळ्यानं पायरी शोधत, कठड्याला धरून वर चढू लागला.