शाहबलुताचं पोतं

आधी चाचांचं सांगतो, पोत्याचं नंतर. उन्हाळ्यात आंबे आणि दिवाळीच्या सुमारास सीताफळं घेऊन पाटोद्याच्या बाजारात बसणारे हे बागवान चाचा माझे कोणी लागत नव्हते. त्यांच्यामुळे मी या गावात टिकलो. एवढं लिहून ठेवलं म्हणजे पुढं जे चिडून लिहिणार आहे, ते लिहायला मी मोकळा.

माझं गाव घाटनांदूरकडं, इथून बैलगाडीनं चार मुक्कामांवर. तिसरीतच शाळा सुटली, पण कचेरीचा कारभार उर्दूत आणि मला उर्दू अक्षरं लावून वाचता येत होती, म्हणून तहसील कचेरीच्या बागेत माळीकाम मिळालं. घरी आई आणि बायको. रोज सकाळी मोट धरताना जिवाला एकच घोर असायचा, इथून काढलं तर घरी कोणत्या तोंडानं जायचं?

त्यात ते पोतं आलं. पाटोद्याची हवा थंड, तेव्हा तिथं शाहबलूत लावून पाहावा, असं बीडच्या तालुकदार साहेबांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या, मनात आलं. शाहबलूत म्हणजे कुठल्या तरी थंड पहाडातलं झाड, एवढंच आम्हाला कळलं. पोत्यावरच्या चिठ्ठीत तो एकच शब्द होता. बी पेरायचं कसं, ठेवायचं कसं, काही नाही. इतक्या लांबून पोतं धाडणाऱ्याचा हात आणखी एक ओळ लिहिताना झिजणार होता काय?

आमच्या कचेरीचे वरिष्ठ कारकून, पेशकार साहेब, मला म्हणाले, "होळीनंतर तालुकदार साहेब दौऱ्यावर येणार हायत. तवर रोपं दिसली पाहिजेत. न्हाई दिसली तर तू तुझ्या गावाकडं. समजलं का बे?"

"समजलं, साहेब."

काय समजलं होतं, कपाळ! पण साहेबासमोर न्हाई म्हणायची सोय होती का?

बियाणं हाती आलं की आपल्याकडं जे करतात तेच मी केलं. माळवदावर पसरून उन्हात खडखडीत वाळवलं, राखेत घोळवलं, मडक्यांत भरलं आणि तोंडं शेणमातीनं लिंपली. ज्वारी असो, तूर असो, आईनं जन्मभर हेच केलं. पंधरा दिवसांच्या उन्हानं बिया हातात खुळखुळायला लागल्या, तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं!

वर सल्ले देणारे होतेच. कचेरीचा शिपाई म्हणाला, "बकऱ्यांना खाऊ घाल. बाभळीचं बी तसंच उगवतं, लेंडीतून."

मी म्हणालो, "एवढं मोठं बी बकरीच्या पोटातून कसं जाईल?"

"मग म्हैस बघ," म्हणाला आणि हसत गेला. ज्याची भाकरी पणाला लागलेली नाही, त्याला हसायला काय जातंय?

खुद्द पेशकार साहेबांनी मडकं फोडून दोन मुठी बिया घरी नेल्या. पहाडातला मेवा म्हणून उकडून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. ते कचेरीच्या ओट्यावर पोट धरून बसले होते. चाचा तिथंच सीताफळांची पाटी घेऊन आले होते.

"इख हाय ते इख! कडूजहर! बी बदललंस का बे? रातभर मी लोटा घेऊन पळत होतो, आन् तू झोपलास निवांत?"

तेवढ्यात चाचा म्हणाले, "साहेब, बी दाखवता का जरा?"

चाचा तरुणपणी एका गोऱ्या साहेबाचे खानसामा म्हणून उत्तरेच्या पहाडात राहिलेले, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी मडक्यातल्या बिया ओट्यावर दोन ढिगांत निवडल्या.

"यात पोराचा गुन्हा न्हाई, साहेब. ही दोन झाडं हायत. हे बघा, एका अंगाला चपटं, शेंड्याला बारीक शेंडी. हे गोड. निखाऱ्यावर भाजून खायचं. आन् हे गोल, चकचकीत, बुडाला पांढरा डाग. हे जंगली, कडू. तुमी नेमकं हेच नेलं."

"लिहिलं कावून न्हाई मग चिठ्ठीवर?" पेशकार साहेब कण्हले. पहिल्यांदाच आमचं दोघांचं मत जुळलं.

चाचांनी एक बी कानाजवळ नेऊन हलवलं आणि माझ्याकडं पाहिलं. पेशकारासमोर मात्र काही बोलले नाहीत. विहिरीपाशी आल्यावर हळूच म्हणाले, "बेटा, वाळवलंस कावून? हे ज्वारी न्हाई. हे ओलाव्यातच जगतं."

चाचांनी सगळ्या बिया हौदात ओतायला लावल्या. पोतंभर बिया बुचासारख्या तरंगत राहिल्या, म्हणजे आतून वाळून मेलेल्या. तळाला गेल्या त्या जेमतेम दोन ओंजळी. त्या आम्ही विहिरीच्या सावलीत ओल्या वाळूत पुरल्या. चाचा प्रत्येक बाजारच्या दिवशी येऊन वाळूत बोट घालून पाहायचे आणि मला रागवायचे, "लई पाणी नको बे, कुजतील!"

होळीपर्यंत नऊ कोंब आले. गोड्याचं पान लांबट, कडेला करवतीचे दात. जंगलीचं सावरीसारखं, पंजा पसरलेलं. तालुकदार साहेब आले, घोड्यावरूनच रोपं पाहिली, "अच्छा" म्हणाले आणि संत्र्यांची चौकशी करत पुढं गेले. ज्याच्यापायी माझी झोप उडाली, ते एका शब्दात संपलं! पण माझं काम राहिलं.

पहिल्याच उन्हाळ्यानं सहा रोपं नेली. दोन गोडी आणि एक जंगली उरली. त्यातही जोमानं वाढतंय कोण, तर कडू! गोड्यांना अजून फूलसुद्धा नाही. मी पाणी घालतो, सावली करतो, आणि ती ढिम्म उभी राहतात.

चाचा आता थकले, नेकनूरला लेकीकडं असतात. जाताना एवढंच म्हणाले होते, "भाजलेलं एक तरी तोंडात पडावं पुन्हा." चाचा, वाळवलेलं बी तुम्ही झाकलंत, म्हणून मी इथं आहे. पहिलं फळ धरेल तेव्हा ना कचेरीला सांगणार, ना पेशकाराला. ओल्या फडक्यात बांधून, वाळू न देता, नेकनूरला घेऊन येईन आणि माझ्या हातानं तुम्हाला भाजून देईन. तेवढे दिवस थांबा.