दत्तूमामांच्या खिशातला चौथा आणि नगरच्या बागा

बागा पाहायला पारनेरहून कोणी नगरला जात नाही. लोक दवाखान्यात जातात, कोर्टात जातात, लग्नाचा बस्ता बांधायला जातात. आम्ही बागा पाहायला गेलो, कारण दत्तूमामांना स्थळ आलं होतं आणि बाईंनी निरोप धाडला होता, "घरी नको. बागेत भेटू."

दत्तूमामा माझे सख्खे मामा. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त, साठी ओलांडलेली, मामींना जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांची मुलगी वैशाली लग्नानंतर चाकणला असते. तिचे आण्णा, म्हणजे मामा, जेवले की नुसतेच 'जेवलो' म्हणाले, हे तिला फोनवरच्या आवाजावरून कळतं. हे स्थळ तिनंच शोधलं. शकुंतलाबाई अकोले तालुक्यातल्या, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्याही एकट्या, सध्या केडगावला बहिणीकडे राहणाऱ्या. त्यांचा फोटो आला त्या दिवशी मामांनी आयुष्यात पहिल्यांदा मिशी काळी केली. म्हणजे मामांचा होकार कळला होता. प्रश्न बाईंच्या होकाराचा होता.

मी पुण्याहून आणि वैशाली चाकणहून, दोघी आदल्या दिवशीच पोचलो होतो. सकाळी गाडीत बसणार, तोच मामा अंगणात थबकले. "तिघंच की आपन."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: आमच्याकडे शुभकामाला तिघं मिळून निघत नाहीत. चौथा माणूस मिळाला नाही तर एक दगड बरोबर घ्यायचा, तो चौथा. मी पायाशी पडलेला एक खडा उचलून दिला. मामांनी तो तळहातावर घेऊन पाहिला आणि टाकून दिला.

"ह्यो काय मानूस हाय? ह्यो तर मानसाचं पिल्लू."

मग त्यांनी पाण्याच्या टिपाडाच्या झाकणावरचा, चांगला सीताफळाएवढा दगड काढला आणि नेहरू शर्टाच्या डाव्या खिशात घातला.

"आण्णा, गाडीत ठेवा तो," वैशाली म्हणाली.

"गाडीत ठेवला तर गाडीचं जमंल. काम माझं हाय."

"मग त्यांच्यापुढं तरी काढू नका. शिकलेल्या बाई आहेत. म्हणतील, काय येडे लोक आहेत."

पारनेर ते सुपा रस्ता ठीक, सुप्यापासून पुणे-नगर महामार्ग. गाडी वैशाली चालवत होती आणि मागच्या सीटवर मामा हवेत ब्रेक दाबत होते. सुप्याला चहा आणि वडापाव झाला. तिथला वडा गरम होता, यापेक्षा अधिक काही त्याच्याबद्दल लिहिता येत नाही. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, माणसांच्या तोंडी अजून नगरच. दोन्ही एकाच ठिकाणी पोचवतात.

पहिला मुक्काम सावेडीतलं एक उद्यान. भर अकराच्या उन्हात आम्ही पोचलो, तर फाटकाला कुलूप. बागेच्या वेळा सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या वेळात फुलं विश्रांती घेतात. बागेत भेटायचं ठरवणाऱ्या दोन्ही घरांपैकी एकानंही बाग कधी उघडते हे विचारलं नव्हतं. आमच्यात बागेत जायची सवय कोणाला आहे?

कुलपासमोर शकुंतलाबाई उभ्या होत्या. हिरवं काठाचं लुगडं, हातात छत्री, पायात चालायचे बूट. मामांनी नमस्कार केला, पण एकाच हातानं. दुसरा खिशावर होता.

"चला, हॉटेलात बसू," मी म्हटलं.

"नको," बाई म्हणाल्या. "टेबलामागं बसून पोहे खाताना कुनीबी शहाना दिसतो. मानूस उघड्यावर बघावा. दुसरी बाग न्हाई का?"

दुसरी बाग होती. सोलापूर रस्त्याच्या अंगाला फराह बाग आहे, निजामशाहीतली. जायच्या आधी स्थानिक माणसाला रस्ता विचारून घ्या, पाणी बरोबर न्या आणि बागेची अपेक्षा घरी ठेवून जा. मधोमध आठ कोनांचा भव्य महाल आहे. कधीकाळी तो तळ्यात उभा होता. आता तळ्यात तळं सोडून सगळं आहे: गवत, बाभळी, शेळ्या. महालात मात्र जरूर शिरा. आत उंच कमानींखाली असा गारवा असतो की बाहेर ऊन आहे हे खोटं वाटतं. मामा छताकडे बघत म्हणाले, "माळी सुट्टीवर गेलेला दिसतोय. चारशे वर्सं झाली."

बाई हसल्या. मी मनात एक गुण मांडला.

पण त्यांचं लक्ष छताकडे नव्हतं. मामा पायऱ्या चढत होते, डावा खांदा खाली, डावा हात खिशाला चिकटलेला, पाऊल थोडं ओढल्यासारखं. बाईंनी त्यांना पुढे जाऊ दिलं आणि हळूच वैशालीला विचारलं, "खरं सांग पोरी. ह्यांना झटका येऊन गेलाय का?"

"छे! काहीतरीच काय!"

"मग डावी बाजू अशी का?"

दगडाचं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण दगड लपवायचा हुकूम वैशालीचाच. ती गडबडली आणि म्हणाली, "गुडघा... गुडघा दुखतो थोडा."

बाई कमानीला टेकल्या. "हे बघ, माझा नवरा नऊ वर्सं अंथरुनाला हुता. मी केलं सगळं, तक्रार न्हाई. पन आता कुनीबी स्थळ आनलं की मी आदी मानसाला चालवून बघते. पोरं बापासाठी बायको शोधायला निघतात, पन घेऊन जायची असती नर्स. पुन्ना न्हाई करनार मी. म्हनून बाग म्हनलं."

पोहे का नकोत आणि पायात बूट का, याचा अर्थ आत्ता लागला.

मधली दुपार एका खानावळीत काढली. शेंगोळे, भाकरी, ठेचा. पोटभर आणि स्वस्त, शिवाय पंख्याखालची जागा फुकट. बाई हात धुवायला गेल्या तेव्हा मी मामांच्या कानाशी लागले. "तो दगड काढा आधी. त्यांना वाटतंय तुम्हाला लकवा मारलाय."

मामांचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, "काम झाल्याबिगर चौथ्याला सोडत न्हाईत. अर्ध्या वाटंत सोडलं तर काम अर्ध्यातच राहतं."

"काम राहतच आलंय, मामा."

"म्हनून तर सोडत न्हाई."

चारनंतर सावेडीच्या उद्यानाचं फाटक उघडलं. बाग चांगली आहे हो. सावली आहे, चालायचा रस्ता आहे, व्यायामाची यंत्रं आहेत, त्यांवर साड्या नेसलेल्या आजी झोके घेत असतात. पंख लावल्यासारखा फोटो काढायची भिंतही आहे. एक पंख गळालाय, पण गर्दी तरी तिथंच. आम्ही दोघी बाकावर बसलो. ते दोघं चालू लागले.

शिट्टी वाजली. रखवालदार धावत आला. "ओ काका! जोडप्यांनी असं कोपऱ्यात फिरायचं न्हाई. फॅमिली येते इथं."

मामा लाजले. बाई नाही लाजल्या. "फिरतोय कुठं? चालवून बघतेय मी ह्यांना. तुमी बी थांबा साक्षीला." मग मामांकडे वळून म्हणाल्या, "हसून दाखवा."

मामा हसले. मिशी दोन्ही बाजूंनी सारखी वर गेली.

"दोन्ही हात वर करा."

मामा घुटमळले. आयुष्यभर आरटीओला घाबरलेला माणूस. हुकूम झाला म्हटल्यावर दोन्ही हात वर गेले. खिशाला दिवसभर त्या डाव्या हाताचाच आधार होता. शिवण टर्रकन उसवली आणि आमचा चौथा धाडकन रखवालदाराच्या बुटाशी येऊन पडला.

"दगड घेऊन बागेत?" रखवालदार दोन पावलं मागे सरकला. "कुनाला मारनार हुते?"

मामांचे हात अजून वरच. तसेच उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. तिघं होतो, चौथा हवा, पिल्लू चालत नाही, काम माझं, म्हणून खिसा माझा.

बाईंनी ऐकून घेतलं. "गुडघा?"

"गुडघ्याला काय झालंय?"

वैशाली फुलझाडं बघू लागली.

"त्या झाडापर्यंत जाऊन या बरं."

मामा गेले आणि आले. दोन्ही खांदे एका रेषेत, पाऊल एसटीच्या ड्रायव्हरचं, जमीन आपलीच असल्यासारखं. बाईंनी डोळ्याचं पातं लवू दिलं नाही.

"सरळ चालता की वो," त्या म्हणाल्या. मग खाली वाकून दोन्ही हातांनी दगड उचलला, गुलाबाच्या आळ्यात नीट बसवला. "ऱ्हाऊ द्या ह्याला इथं. मी हाय ना आता."

"मॅडम, आळ्यात दगड ठेवायचा न्हाई," रखवालदार म्हणाला. त्याचं कोणी ऐकलं नाही.

शकुंतलाबाईंना केडगावला बहिणीच्या दारात सोडलं. परतीच्या वाटेवर मी हिशेब करत होते, तुम्हाला काय सांगू? नगरच्या बागा पाहायला सुट्टी काढून या, असं काही मी म्हणणार नाही. येणारच असाल तर चारनंतर या, फराह बागेत पाणी घेऊन जा, आणि खिसे दुहेरी शिवून घ्या. गुलाब बघितले की नाही, आठवत नाही. झाडापर्यंत जाऊन येणारा एक माणूस तेवढा आठवतो.

घरी पोचलो तेव्हा टिपाडाचं झाकण वाऱ्यानं उडून शेजारच्या कुंपणात जाऊन बसलं होतं. मामा ते काढायला गेले.

"आण्णा," वैशालीनं मागून हाक मारली, "जाताना दगड होता. येताना तिघंच आलो की आपण!"

मामा झाकण झटकत म्हणाले, "तिघं कशानं? चौघं. एक केडगावला उतरली, येवढंच."