प्रमुख पाहुणे धनराज गांगुर्डे

नाशिकरोडला धनराज गांगुर्ड्यांना ओळखत नाही असा माणूस शोधून दाखवा. एकोणनव्वद साली मालेगावात जाऊन, मालेगावच्याच टीमवर, शेवटच्या मिनिटाला त्यांनी डोक्यानं मारलेला गोल लोक अजून सांगतात. बघणारे असतील पाचशे, सांगणारे पाच हजार झालेत. चौऱ्याण्णवला गुडघा गेला, खेळ सुटला, पण नाव काही उतरलं नाही. भाजीवालीसुद्धा कोथिंबिरीची जुडी वर टाकते.

आणि या नावानंच बिचाऱ्याचा जीव मेटाकुटीला आणला होता.

धनराजांना एकच पाहिजे होतं, पोरांना शिकवायचं. चेंडू येण्याआधी स्ट्रायकरनं कुठं उभं राहायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. दर वर्षी ते क्रीडा मंडळात अर्ज देत, मला कोच करा म्हणून. अन् मंडळ काय करी? त्यांचा सत्कार करी. शाल, नारळ, फोटो. अर्ज राहिला बाजूला. नारळाच्या वड्या थापून थापून बायकोचे, मीनाताईंचे, हात दुखले.

"या वर्षी अर्ज नका देऊ," त्या म्हणायच्या, "घरात नारळ ठेवायला जागा नाही."

दोन हजार चारच्या जूनमध्ये पोर्तुगालमधली युरो फुटबॉल स्पर्धा टीव्हीवर लागली. स्टँडमध्ये पोर्तुगालचा जुना स्ट्रायकर युसेबियो बसलेला. खेळ सोडून किती वर्षं झालेली, जिवंतपणी पुतळा उभा राहिलेला, तरी हा आपल्या संघासाठी जीव मुठीत धरून हजर.

"बघ, त्याला टीमबरोबर राहू देतात," धनराज मीनाताईंना म्हणाले, "मला मेले स्टेजवर बसवतात." बोलता बोलता त्यांना रडूच आलं. "या वेळी माईकवरच बोलतो."

दिवाळीनंतर मंडळाची फायनल होती, नाशिकरोड विरुद्ध कळवण. प्रमुख पाहुणे अर्थात धनराज. नाशिकरोडचा स्ट्रायकर ललित, चांगला चपळ पोरगा, पण सारखा कळवणच्या डिफेंडरमागं लपून चेंडूची वाट बघायचा. तीन चान्स गेले. कोच, म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी यादवराव यांचा भाचा, लाइनीवर मोबाइलवर बोलत होता. स्टेजवर धनराजांच्या अंगाचा नुसता तिळपापड.

हाफटाइमला त्यांनी माईक घेतला. "मला मोठा म्हणू नका. मला ही खुर्ची नको. खाली पोरांत येऊ द्या. चेंडूत हवा भरीन, जाळी बांधीन, पण मला शिकवू द्या."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. यादवरावांचे तर डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. त्यांनी माईक घेतला. "पाहिलंत? एवढा मोठा माणूस अन् किती विनय! यांना आम्ही पोरांमागं पळवायचं? लोक आमच्या तोंडात शेण घालतील. पुढच्या वर्षीपासून ही स्पर्धा धनराज गांगुर्डे चषक!"

धनराज "अहो, पण..." म्हणत राहिले. हातातला सत्काराचा नारळ तिथंच आपटावासा वाटला. पण समोर सगळं मैदान प्रेमानं टाळ्या वाजवत होतं. त्यांच्यावर चिडायचं तरी कसं?

दुसऱ्या हाफमध्ये ललित पुन्हा डिफेंडरमागं गेला. धनराज उठले, तडक लाइनीवर गेले. "ललित, पुढं ये, त्याच्या पुढं..." तेवढ्यात दोन कार्यकर्त्यांनी अदबीनं दंडाला धरून त्यांना वर आणलं.

"भाऊ, उन्हात कशाला?" यादवराव म्हणाले. "तुम्ही नुसते बसा. तुम्ही बसलात की आमची स्पर्धा मोठी होते."

धनराज बसले. खाली ललित अजून चुकीच्याच जागी उभा होता.